निबंध पुन्हा गोष्टीतच घसरला? आधी आराखडा तपासा

दर सत्रात हे एकदा होतंच. व्यंकटेश माडगूळकरांच्या 'बनगरवाडी' या कादंबरीवरचे अंतर्गत मूल्यमापनाचे निबंध जमा होतात, पहिले पाच-सहा मी मन लावून तपासते आणि सातव्याला आपण कितव्यांदा बनगरवाडीला चालत निघालोय हे मोजणं सोडून देते. मास्तर वाडीला पोचतो. शाळेत पोरं नसतात. कारभारी भेटतो. तालीम बांधली जाते. दुष्काळ पडतो, वाडी उठते. चार पानं भरतात आणि तळाशी दोन ओळी: 'अशा प्रकारे प्रस्तुत कादंबरीत माणूस आणि निसर्ग यांच्यातील संघर्षाचे प्रभावी चित्रण आले आहे.'

विषय मी दिलेला असतो 'बनगरवाडी : एक आशयसूत्र'. आशयसूत्रावर, म्हणजे कादंबरीला मुळात काय म्हणायचंय त्यावर, लिहा म्हटलं तरी हातून कथानक उतरतं. पोरं आळशी असतात म्हणून हे होतं, असं मला बरीच वर्षं वाटायचं. आता नाही वाटत. ज्यांनी पुस्तक दोनदा वाचलंय, ज्यांच्या कडेला पेन्सिलीच्या खुणा आहेत, त्यांचे निबंधही गोष्टीतच घसरतात. उलट ज्यांनी यूट्यूबवरचा वीस मिनिटांचा सारांश ऐकून भागवलंय त्यांचा निबंध लवकर संपतो, एवढाच फरक.

यंदा एका मुलीनं तोच निबंध तीनदा लिहिला. तिच्या तीन खर्ड्यांच्या आधारानंच हे लिहितेय, कारण बिघाड नेमका कुठे आहे ते त्या तीन खर्ड्यांत मला पहिल्यांदा नीट दिसलं. तिसरा खर्डा टेबलावर ठेवत ती म्हणाली, "मॅडम, आता यात गोष्ट कुठंय सांगा." आवाजात जरा राग होता आणि तो रास्त होता. पहिल्या खर्ड्यावर मीच लाल शाईनं 'विश्लेषण वाढव' असं लिहिलं होतं. तिनं वाढवलं होतं.

बिघाड ओळखायचा कसा

माझ्याकडे दोन तपासण्या आहेत. दोन्हीला मिळून पाच मिनिटं लागतात, आणि निबंध लिहिण्याआधी नुसत्या आराखड्यावरही त्या करता येतात.

पहिली: प्रत्येक परिच्छेदाचं फक्त पहिलं वाक्य मोठ्यानं वाचायचं. मध्ये काही वाचायचं नाही. त्या दिवशी तिला तिचा पहिला खर्डा असा वाचायला लावलं. "बनगरवाडी हे माणदेशातील धनगरांचे छोटेसे गाव आहे." "तेथे तरुण मास्तर शाळेवर रुजू होतो." "त्यानंतर तो गावकऱ्यांचा विश्वास संपादन करतो." "पुढे तालीम बांधण्याचे ठरते." पाचव्या वाक्याला ती स्वतःच थांबली. 'त्यानंतर', 'पुढे', 'एके दिवशी', 'अखेरीस' हे शब्द परिच्छेदाच्या दारात उभे दिसले की समजायचं, आतलं घर कादंबरीकारानं बांधलंय, आपण फक्त भाड्यानं राहतोय.

दुसरी तपासणी अदलाबदलीची. तिसरा आणि पाचवा परिच्छेद एकमेकांच्या जागी ठेवून बघायचे. काय बिघडतं? प्रसंगांचा काळ उलटापालटा होत असेल, तालीम आधी आणि मास्तर नंतर असं काही होत असेल, तर तो सारांश आहे. काहीच बिघडत नसेल तर ती यादी आहे. मुद्दे पिशवीत टाकलेत, कुठलाही आधी काढला तरी चालतं. विचार मोडला, म्हणजे पाचवा मुद्दा तिसऱ्याच्या खांद्यावर उभा होता आणि आता तो अधांतरी लोंबतोय, असं झालं तरच आराखडा ठीक. माझ्याकडे येणाऱ्या निबंधांत सारांशवाले सर्वांत जास्त, यादीवाले त्याखालोखाल.

आणखी एक आहे, पण ती या पुस्तकापुरतीच. अमोल पालेकरांनी १९९५ साली 'बनगरवाडी'वर सिनेमा केला. निबंधातलं जे वाक्य फक्त सिनेमा बघितलेल्या माणसालाही लिहिता आलं असतं, त्याच्याखाली मी हिरवी रेघ मारते. तिचं दुसरं पान पिकासारखं हिरवं झालं होतं.

नेहमीचे उपाय

सगळ्यांत लोकप्रिय उपाय म्हणजे शेपूट. प्रसंग सांगायचा आणि परिच्छेदाच्या शेवटी 'यातून ग्रामीण माणसाचा भाबडेपणा दिसून येतो' असं जोडून द्यायचं. 'विश्लेषण वाढव' याचा अर्थ मुलांना हाच कळतो, आणि तो तसा कळतो ही चूक माझ्यासारख्यांची. शेपूट कितीही लांब केली तरी परिच्छेद चालतो तो कथानकाच्याच पायांवर. तिच्या दुसऱ्या खर्ड्यात अकरा 'दिसून येते' होते.

दुसरा उपाय गाईडचा: कथानक, व्यक्तिरेखा, वातावरण, भाषाशैली, शीर्षकाची सार्थकता. शाळेपासून उत्तरं याच साच्यात लिहून घेतलेली असतात, त्यामुळे हात आपोआप तिकडे जातो. तिचा तिसरा खर्डा असा होता. यात गोष्ट नाही हे तिचं म्हणणं खरंच होतं; काळाची साखळी मोडली होती. पण अदलाबदलीच्या तपासणीत तो यादी निघाला. भाषाशैलीचा परिच्छेद कुठल्याही ग्रामीण कादंबरीला जसाच्या तसा लावता आला असता.

तिसरा उपाय समीक्षकांची अवतरणं. त्याबद्दल एवढंच सांगते की उसन्या दागिन्यांनी नवरी सजते, पण ते लग्नानंतर परत द्यावे लागतात. पेपरात अवतरण विसरलं की निबंधात काहीच उरत नाही.

मूळ दुखणं

तिन्ही खर्ड्यांच्या आराखड्यावर सगळ्यात वर एकच गोष्ट लिहिलेली होती: 'आशयसूत्र – माणूस आणि निसर्ग.'

इथेच सगळं अडतं. 'माणूस आणि निसर्ग' हे नाव आहे. नावाला क्रियापद नसतं, म्हणून ते काही बोलत नाही. आणि काही बोलत नाही म्हणून त्यात सगळं मावतं. मेंढरं मावतात, पाऊस मावतो, तालीम मावते, कारभारी मावतो. काय घ्यायचं आणि काय टाकायचं हे ठरवायला हाताशी काही नसलं की माणूस सगळंच घेतो. आणि सगळंच घेतलं की ते मांडायला एकच सोपा क्रम उरतो, पुस्तकातला. गोष्टीत घसरणं ही शेवटच्या टप्प्यावरची चूक दिसते, पण पाय घसरलेला असतो पहिल्या ओळीत.

म्हणून दुरुस्ती तिथेच करायची. नावाचं वाक्य करायचं. आणि ते असं हवं की शेजारच्या बाकावरचा कुणी म्हणू शकेल, "छे, मला नाही पटत."

वाक्य कसं घडलं

सांगायला सोपं आहे, पण त्या दुपारी आम्हाला यातच तास गेला. तिची पहिली वाक्यं इथे मुद्दाम देते, कारण जवळपास सगळेजण याच पायऱ्यांवर अडखळतात.

पहिलं वाक्य: "बनगरवाडीत माणूस आणि निसर्ग यांच्या संघर्षाचं चित्रण आहे." हे नावच आहे, 'आहे' लावून उभं केलेलं. कोण भांडणार याच्याशी?

दुसरं: "दुष्काळामुळे वाडी उजाड होते." यात क्रियापद आहे, पण ती घटना आहे. यावर निबंध काढला की तो पुन्हा वाडीच्या रस्त्याला लागणार.

तिसरं: "निसर्गापुढे माणूस हतबल असतो." इथे ती खूश झाली, आणि मला दर वर्षी इथेच सर्वांत जास्त समजवावं लागतं. हे सुभाषित झालं. ते जगाबद्दल बोलतं, या पुस्तकाबद्दल काहीच बोलत नाही. दुसऱ्या कुठल्याही दुष्काळाच्या कादंबरीच्या मथळ्यावर ते चिकटवता येईल. शिवाय १९५५ साली आलेली ही छोटीशी कादंबरी आजही वाचली जाते ती एवढं एक सुभाषित सांगते म्हणून, असं मला वाटत नाही.

मग मी विचारलं, "वाडी उठते तेव्हा लोक काय करतात?"

"जातात."

"रडारड?"

तिनं पुस्तक उघडलं, शेवटची पानं चाळली. "तशी नाही. निघून जातात. म्हणजे… नेहमीचं असल्यासारखं."

"मग हतबल म्हणशील?"

ती गप्प. थोड्या वेळानं चौथं वाक्य आलं: "वाडीनं जे उभं केलं ते टिकत नाही, पण न टिकण्याला वाडी पराभव मानत नाही." हे बोललं की. यात 'पण' आहे. 'पण' आला की वाक्याला दोन टोकं येतात आणि मधे निबंधाला जागा होते.

इथेच थांबलो असतो तर बरा निबंध झाला असता. मी मात्र एक प्रश्न नेहमी विचारते आणि कुणी शिकवत असेल तर त्यानं तो जरूर विचारावा: तुझ्या वाक्याच्या आड येणारा प्रसंग कोणता? प्रत्येक दमदार कादंबरीत तो असतो. आपण तो आराखड्यातून गुपचूप वगळतो आणि परीक्षक नेमका तोच विचारतो.

तिच्या बाबतीत तो कारभाऱ्याचा होता. वाडीत कारभाऱ्याच्या शब्दाला वजन आहे आणि मास्तराचा जम त्याच्याच आधारानं बसतो. पण त्याची मुलगी अंजी, तिच्या चोळीचं निमित्त होतं, त्यात चुगली करणारं कुणी भेटतं, आणि म्हाताऱ्याच्या मनात मास्तराबद्दल संशय शिरतो. तो बोलायचा थांबतो. यात कुठे आला निसर्ग? पाऊस नाही, दुष्काळ नाही, माणसानंच माणसाचं बांधलेलं मोडलं. 'माणूस आणि निसर्ग' या नावाखाली हा प्रसंग तिन्ही खर्ड्यांत 'याशिवाय कादंबरीत इतरही प्रसंग येतात' या एका ओळीत गाडला गेला होता.

"हा प्रसंग टाकता येईल का?" तिनं विचारलं.

"येईल. पण मग कारभारी जाईल. कारभारी गेला तर तुझी वाडी कशावर उभी राहणार?"

ती वहीवर गोल गोल रेघोट्या काढत बसली. मी चहा मागवला. चहा येऊन गार झाला, आणि मग ती जे बोलली ते मी माझ्या डायरीत उतरवून घेतलं: "मॅडम, या वाडीत विश्वास पावसासारखाच आहे. येतो तेव्हा भरभरून येतो, जातो तेव्हा कारण सांगत नाही. आणि लोक दोन्ही सारखंच सोसतात."

आड येणारा प्रसंग वाक्याच्या पोटात गेला होता. हे वाक्य मला शंभर टक्के पटतं का? नाही. कारभाऱ्याच्या अबोल्याला कारण आहे, ते खोटं असलं तरी आहे; पावसाला तेवढंही नसतं. मी तसं म्हटलं. ती म्हणाली, "मग तो फरक मी चौथ्या परिच्छेदात घेईन." म्हणजे निबंध सुरू झाला होता.

पत्रिकांच्या पाठी

वाक्य हाती आल्यावरही निबंध परत गोष्टीत घसरू शकतो. याचं कारण टिपणवही. आपण पुस्तक वाचता वाचता वहीत टिपतो, त्यामुळे टिपणं पुस्तकाच्याच क्रमानं पडतात. आणि लिहायला बसलो की वही वरून खाली वाचत जातो. वाक्य कितीही चांगलं असलं तरी वही आपल्याला ओढून नेते.

यावर माझा उपाय घरगुती आहे. लग्नपत्रिका. दर मे महिन्यात घरात ढीग साचतो, कागद जाड असतो, पाठ कोरी असते. चौकोन कापायचे आणि एका चौकोनावर एकच प्रसंग. वर प्रसंगाचं नाव दोन-तीन शब्दांत, खाली पान क्रमांक आणि आपल्या हातातली आवृत्ती कोणती ते (आवृत्ती बदलली की पानं बदलतात, आणि मैत्रिणीच्या पुस्तकातला पान क्रमांक तुमच्या पुस्तकात भलतंच काही दाखवतो), त्याखाली एक वाक्य: हा प्रसंग माझ्या वाक्याचं काय करतो? धरतो, ताणतो की मोडतो? या प्रश्नाला उत्तर सुचलं नाही तर तो चौकोन बाजूला. प्रसंग कितीही आवडता असो.

बाजूला ठेवणं जड जातं हे मला ठाऊक आहे. कादंबरीतला आयबू मला स्वतःला फार आवडतो. तिच्या निबंधात त्याला जागा नव्हती.

मग चौकोन सतरंजीवर पसरायचे, पंखा बंद करून, आणि क्रम लावायचा. तिनं लावलेला क्रम पुस्तकाच्या जवळजवळ उलटा होता. पहिला चौकोन शेवटचा दुष्काळ: लोक जातात, गाऱ्हाणं नाही. दुसरा कारभाऱ्याचा अबोला: इथेही आदळआपट नाही, एक दार नुसतं लागतं. तिसरा तालीम. या क्रमात तालीम आली की तिचा अर्थच बदलतो, हे तिला चौकोन हलवताना दिसलं. पुस्तकाच्या ओघात तालीम म्हणजे वाडीच्या हुरूपाचा कळस, राजा येतो तो दिवस. इथे मात्र वाडी उठलेली आपण आधीच पाहिलेली असते, त्यामुळे गावानं मिळून घातलेल्या त्या भिंतींकडे बघताना प्रश्न पडतो: हे टिकणार नाही हे या माणसांना कधीच ठाऊक नव्हतं का? की ठाऊक असूनच ती बांधतात? निबंधाचं मधलं पान या एका प्रश्नावर उभं राहिलं.

भिंतींवरून आठवलं. राम देशमुखांनी या कादंबरीचं इंग्रजी भाषांतर केलं, १९५८ मध्ये, आणि नाव दिलं 'द व्हिलेज हॅड नो वॉल्स'. गावाला भिंती नव्हत्या. मूळ नावात फक्त वाडीचं नाव आहे. भाषांतरकारानं नावातच एक वाचन करून टाकलं. ज्या गावाला भिंती नाहीत तिथे कुणीही येऊ शकतं, मास्तरसुद्धा. आणि दुष्काळ येतो तेव्हा अडवायलाही काही नसतं. शीर्षकाची सार्थकता शेवटच्या परिच्छेदात गाईडसारखी चिकटवण्यापेक्षा हे दोन मथळे शेजारी ठेवून वाक्य घडवता येतं. आशयसूत्र शोधायला कुठून सुरुवात करू, असं विचारणाऱ्याला मी हल्ली हेच सांगते: या पुस्तकाला दुसरं नाव देऊन बघ, आणि तेच का दिलंस ते सांग.

पाचवा चौकोन मास्तराचा होता आणि तो मी सुचवला. वाडीत सगळ्यांचं पोट पावसावर; मास्तराचा पगार पावसावर नाही. तो त्यांच्यातला होतो खरा, पण हा एक फरक कधी पुसला जात नाही. गोष्ट सांगणारा तो आहे. सोसणाऱ्यांची गोष्ट, ज्याला तितकं सोसावं लागत नाही असा माणूस सांगतोय, याचा निवेदनावर काय परिणाम होतो? तिनं हा चौकोन घेतला, पण नाखुशीनं. "हे तुमचं आहे मॅडम," म्हणाली. खरं होतं. शेवटी तिनं त्याच्या दोनच ओळी ठेवल्या.

शेकूचा परिच्छेद

प्रत्यक्ष लिहितानाही एक जागा घसरडी असते, तीही दाखवते. शेकूच्या नांगराला दुसरा बैल नाही, आणि त्याची बायको जुवाला खांदा देते. पुस्तक वाचलेल्या कुणालाही हा प्रसंग विसरता येत नाही, म्हणूनच तो सांगण्याचा मोह फार.

पहिल्या खर्ड्यात तिनं लिहिलं होतं: 'शेकू हा गरीब शेतकरी असतो. त्याच्याकडे एकच बैल असतो. पेरणीचे दिवस जवळ येतात. तेव्हा त्याची बायको स्वतः जू खांद्यावर घेते. ती बैलाबरोबर नांगर ओढते. हे दृश्य पाहून मास्तर अस्वस्थ होतो. यातून ग्रामीण स्त्रीच्या कष्टमय जीवनाचे दर्शन घडते.'

सात वाक्यं, त्यातली सहा माडगूळकरांची. सातवं शेपूट.

मी नियम घातला: प्रसंगाला दोन वाक्यं, त्याहून जास्त नाही, वाचणाऱ्यानं पुस्तक वाचलंय असं धरायचं. उरलेली वाक्यं 'काय झालं'ऐवजी 'कसं सांगितलंय' यावर. दुपारी तिनं पुन्हा लिहिलं:

'शेकूची बायको जुवाला खांदा देते, तेव्हा निवेदनाचा आवाज चढत नाही. पाऊस पडला की जमीन वाट बघत नाही, बैल एकच आहे, मग दुसऱ्या बाजूला कुणीतरी लागणारच. वाडीचा हिशोब एवढाच आहे आणि मास्तरही तो याच हिशोबानं सांगतो. वाचणाऱ्याला बसणारा धक्का शब्दांतून येत नाही, शब्दांनी धक्का घेतला नाही म्हणून बसतो. वाडीची सोसण्याची रीत इथे सांगण्याची रीत झाली आहे.'

शेवटचं वाक्य वाचून मी पेन्सिल खाली ठेवली. ते माझ्या डोक्यातही आलं नव्हतं. आणि बघा, 'दर्शन घडते' कुठे नाही; गरजच पडली नाही. ग्रामीण स्त्रीचे कष्ट इथे आहेतच, पण ते आता एका मोठ्या वाक्याला टेकून उभे आहेत.

गोष्टच नसेल तर

'कोसला'वर लिहिणारे म्हणतील, आमचा प्रश्न वेगळा. भालचंद्र नेमाड्यांच्या या १९६३ सालच्या कादंबरीत सांगण्याजोगं कथानक फारसं नाही: पांडुरंग सांगवीकर खानदेशातल्या सांगवीहून पुण्याला शिकायला जातो, शिक्षण हातचं घालवतो, परततो. त्यामुळे निबंध गोष्टीत घसरत नाही, तो 'वादा'त घसरतो. दोन पानं अस्तित्ववाद म्हणजे काय, अर्धं पान सार्त्र आणि काम्यू, आणि मग 'हीच अर्थशून्यता पांडुरंगच्या जीवनात दिसते'. शेपूट तीच, फक्त ती पुढच्या बाजूला लावलेली.

इथे प्रसंगाऐवजी शब्द धरावा. पांडुरंग पहिल्याच ओळीत आपलं वय सांगतो, तेही 'उदाहरणार्थ' लावून. स्वतःचं वय उदाहरणार्थ कसं असेल? 'वगैरे'ही तसाच, जिथे तिथे. हे दोन शब्द कुठे दाटीनं येतात, कुठे विरळ होतात, एवढंच चौकोनांवर टिपत जा. आणि धाकटी बहीण मनी मरण पावते ती पानं उघडून बघा: जो माणूस सगळ्या जगाला 'वगैरे' म्हणतो त्याला तिथे ते म्हणता येतं का? जे उत्तर मिळेल त्यावर तुमचं वाक्य उभं राहील, आणि सार्त्रला त्रास द्यावा लागणार नाही.

पेपरात

पंचवीस मिनिटांत पत्रिका कापायला वेळ नसतो. तिथे उत्तरपत्रिकेच्या शेवटच्या पानावर पाच ओळी: वाक्य, आड येणारा प्रसंग, आणि तीन प्रसंग ज्या क्रमानं येणार त्या क्रमानं. पानावर 'कच्चे काम' लिहून आडवी रेघ. याला तीन-चार मिनिटं जातात आणि ती भरून निघतात.

एक कटू गोष्ट सांगायला हवी. काही तपासणारे कथानक शोधतातच. माझ्याच एका विद्यार्थ्याचा चांगला निबंध बाहेरच्या तपासणीत 'कथानक आलेले नाही' या शेऱ्यानिशी खाली गेला होता. त्यामुळे परीक्षेसाठी मी एक तडजोड सांगते: पहिल्या परिच्छेदात चार ओळींत कथानक देऊन टाका, नैवेद्य दाखवल्यासारखं, आणि मग आपल्या वाटेला लागा. घरी लिहायच्या निबंधात मात्र तेवढंही नको.

आणि हे सगळं करूनही वाक्यच चुकीचं निघालं तर? ते ओळखायची खूण अशी की तिसऱ्या चौकोनापासून प्रसंग 'बसवावे' लागतात, लिहिताना 'एका अर्थाने' आणि 'काही अंशी' असे शब्द यायला लागतात. तिथे हट्ट करू नये. चौकोन तेच ठेवावेत, वाक्य बदलावं. प्रसंग वेचून झालेले असतात, त्यामुळे दुसरं वाक्य लवकर सापडतं.

तिनं चौथा खर्डा गेल्या सोमवारी दिला. माझ्यासमोर उभी राहून प्रत्येक परिच्छेदाचं पहिलं वाक्य तिनं मोठ्यानं वाचलं, न सांगता. चौथ्या परिच्छेदाच्या तोंडाशी एक 'त्यानंतर' होता. ती वाचता वाचता अडली, माझ्याकडे बघितलं, पेन काढायला लागली. मी नको म्हटलं. कारभारी बोलायचा थांबतो, त्यानंतर मास्तर वाडीत कसा वावरतो, याबद्दलचा तो परिच्छेद होता. तो शब्द तिथे लागत होता.